सात गाण्यांचा अर्धा हक्क आणि आठव्याचे वळण

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, व्यवसाय गाणी लिहिणे, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि मी काय लिहिते आहे ते मला कळते. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणून सोमवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "अजिबात काळजी करू नका." मला असे कोणी म्हटले की मी कागद काढते.

वकीलबाईंनी एक नमुना दिला होता. त्यात "सदरहू" आणि "उपरोक्त" यांची फार गर्दी होती. हा कागद आईला वाचून दाखवावा लागणार आहे. तिला वाचता येत नाही, आणि जे कळत नाही त्याला ती "असू दे" म्हणून मोकळी होते. या कागदाला तिने "असू दे" म्हणू नये, म्हणून साध्या शब्दांत लिहिते. सगळ्यांची पूर्ण नावे आणि पत्ते वेगळ्या पानावर लिहून ते पान वकीलबाईंकडे दिले आहे. इथे मात्र घरात ज्याला जी हाक तेच नाव. आई म्हणजे आई. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. भिडू म्हणजे ज्याच्याबरोबर मी गाणी केली तो. नवी म्हणजे ती.

वकीलबाई म्हणाल्या, "'ती' म्हणजे कोण, हे लिहावं लागेल." लिहिते. माझ्यानंतर भिडूबरोबर जी गाणी लिहू लागली ती.

दादा, वाचणार तू आहेस, म्हणून सांगते. सावकाश वाच. आई मध्येच बोलली तर बोलू दे, पण तेवढ्यात पान उलटू नकोस.

कलम १. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. एक अक्कलदाढ काढण्याच्या आदल्या दिवशी आणि एक पहिल्या विमानप्रवासाच्या आधी. दोन्ही या कागदाने रद्द समजावीत. दुसऱ्यात मी भिडूबद्दल फार चांगले लिहिले होते. तेही रद्द.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल ती आईची. त्यातून दादाने आधी आपल्या डिलिव्हरीच्या गाडीचे टायर बदलावेत. तो म्हणेल, "अजून चालतात की." चालत नाहीत. मी खाली वाकून पाहिले आहेत. आईने काजे-बटणांचे काम थोडे कमी करावे असे मला वाटते, पण ती करणार नाही, म्हणून तशी अट घालत नाही. निदान कामाच्या जागेवर मोठा दिवा लावून घ्यावा. शर्टाच्या कारखान्यातून येणारा माणूस गठ्ठा टाकून निघून जातो, तिचे डोळे कसे आहेत ते तो विचारत नाही.

कलम ३. माझ्या वापरातल्या वस्तू. मेज दादाला. कानावर लावायचा मोठा हेडफोन दादाला, गाडीत नव्हे, घरात वापरायला. माझ्याकडे असलेला छोटा कीबोर्ड भिडूचा आहे. तो मी वारशाने देत नाही, परत करते आहे.

भिडू आणि मी जिथे गाणी केली त्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. तिचा एक पाय आखूड आहे. तो कोणी दुरुस्त करू नये. नवीला तिच्यावर बसायचे असेल तर बसावे आणि डुलावे.

जाड शब्दकोश आपल्या वस्तीतल्या वाचनालयाला द्यावा. नवीला देऊ नये. तिला लागत नाही.

हा शब्दकोश बाबांनी आणला होता. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांना वाचता येत नसे. दुकानदार कागदावर लिहून देई आणि बाबा अक्षरे चित्रासारखी उतरवून घेत, अगदी सुबक. मी शाळेत अक्षरे शिकल्यापासून पाटी पोचवण्याआधी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. घरात वाचणारी मी पहिली, दादा माझ्या मागून शिकला. एकदा मी तापाने पडले होते, बाबांनी पाटी तशीच नेली आणि संध्याकाळी तशीच परत आणली. दुकानदार हसला, एवढेच त्यांनी सांगितले. तेव्हापासून मी कोणताही मजकूर तीनदा वाचते, आणि तिसऱ्यांदा वाचताना जास्त घाबरते. भिडूने याच सवयीवरून माझे नाव "हेडबाई" ठेवले. आता तो मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारतो. ही बढती आहे की बडतर्फी, ते मला समजते.

कलम ४. सात गाण्यांचे हक्क. मृत्युपत्र करण्याचे खरे कारण हे कलम आणि याच्या पुढची तीन.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे. खालच्या हातोड्याचा आवाज वर येऊ नये म्हणून तिच्या भिंतींना आम्ही जुन्या गाद्या ठोकल्या. हातोडा तरीही ऐकू येतो, फक्त झोपेत असल्यासारखा. त्या खोलीत मी आणि भिडूने सात गाणी केली.

आमची पद्धत अशी. भिडू चाल बांधताना तोंडाला येईल ते गातो. "नळ गळतो, नळ गळतो, कोणी बघा रे." याला आम्ही खोटे शब्द म्हणतो. चाल पक्की झाली की खोटे शब्द काढून मी खरे बसवते. ध्रुवपद त्याच्या बोटांतून सहज येते, कडवेही येते. पण कडवे संपवून ध्रुवपदावर परत यायचे म्हटले की तो अडतो. तिथे तो बोटे वर उचलतो आणि माझ्याकडे बघतो. मग मी गुणगुणते आणि गाणे परत आणते. मला वाजवता येत नाही, स्वर लिहिता येत नाहीत, पण सातही गाण्यांतले परतीचे वळण माझे आहे.

भिडू म्हणायचा, "मी भटकून येतो लांब. घरी आणायचं काम तुझं, हेडबाई."

पहिल्याच दिवशी त्याने ठरवून टाकले होते, "या खोलीत जे होईल ते दोघांचं. अर्धं तुझं, अर्धं माझं. कोणी किती केलं ते विचारायचं नाही. विचारलं की संपलं."

मी ते कागदावर उतरवले, तीनदा वाचले, दोघांनी सह्या केल्या. त्यामुळे शब्दांतही तो अर्धा आणि चालीतही मी अर्धी. वकीलबाईंनी हा करार पाहिला तेव्हा चष्मा काढून ठेवला. "असं कोणी करतं का गं? शब्द तुझे, चाल त्याची, एवढं लिहिलं असतंत तर मी आज घरी लवकर गेले असते."

आता सातही गाणी दोघांची असल्यामुळे कोणालाही ती सिनेमात, जाहिरातीत किंवा आणखी कुठे वापरायची असतील तर दोघांची परवानगी लागते. एकट्याच्या होकाराने भागत नाही. माझा अर्धा वाटा, परवानगी देण्याचा आणि नाकारण्याचा हक्क, आणि माझे नाव गाण्यावर राहते आहे की नाही हे पाहण्याचा हक्क, मी आईला देते. तिच्यानंतर दादाला.

एक गोष्ट वकीलबाईंनी समजावून सांगितली ती इथे नोंदवते. दोघांनी मिळून केलेल्या गाण्याच्या हक्काची वर्षे, दोघांपैकी जो मागाहून मरेल त्याच्या मरणापासून मोजतात. म्हणजे मी गेल्यावर माझ्या शब्दांचे आयुष्य भिडूच्या तब्येतीवर चालणार. भिडूने सिगारेट सोडावी. ही विनंती नाही.

लोक विचारतात म्हणून लिहिते. आमच्यात तसे काही नव्हते. तसे असते तर मला इतका राग आला नसता. तसे काही मोडले तर लोक येऊन समजूत तरी घालतात.

कलम ५. गादीची जाहिरात. सातांपैकी तिसऱ्या गाण्याचे नाव "जिन्यात". त्याची सुरुवात मी अशी लिहिली:

जिन्यात बसले मी दिवा न लावता,
पायरीगणिक विझत गेले नाव.

गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीला हे गाणे जाहिरातीसाठी हवे होते. चाल तीच, शब्द गादीचे. भिडूने मला खोलीत बसवून सांगितले. भिंतीवरच्या गाद्यांकडे हात करून म्हणाला, "इतकी वर्षं यांचं खाल्लंय आपण. थोडं परत देऊ."

मी म्हणाले, "नाव विझतंय तिथे तू कापूस भरणार?"

"चाल माझी पण आहे ना?"

"आहे. अर्धी. माझी अर्धी नाही म्हणते आहे."

आठवड्याभराने तो माझ्या घरी आला. बरोबर नवी होती. मी तिला त्या दिवशी प्रथम पाहिले. तिने चपला नीट जोडून बाहेर ठेवल्या. त्यातसुद्धा मला नाटक दिसले. तिच्या घरी आजोबांपासून सगळे शिकलेले. भिंतभर पुस्तके असतील. अशा घरातल्या माणसांना शब्दांची भीती वाटत नाही. ती फोनवर अंगठ्याने गाणी लिहिते. भिडूने कौतुकाने सांगितले, "अगं, लिफ्ट खाली येईपर्यंत हिचं कडवं होतं."

मी म्हणाले, "मग जिन्याने जात जा."

आई पुढच्या खोलीत शर्टाचा गठ्ठा घेऊन बसली होती. नवी तिला "मावशी" म्हणाली, कोणी न सांगता तिच्याजवळ जमिनीवर बसली, आणि गप्पा मारता मारता सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला. आई मला आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बघ, हिला दोरा ओवता येतो."

मलाही येतो. मला कोणी विचारले नाही.

मग नवीने बदललेले शब्द गाऊन दाखवले:

गादीवर पडले मी दिवा न लावता,
डोळा कधी लागला कळलेच नाही.

आई खळखळून हसली. माझी सात गाणी तिने ऐकली आहेत. त्यातल्या एकालाही ती हसली नाही, रडली नाही. "जिन्यात" पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिने विचारले होते, "नाव कसं गं विझतं?" मी समजावले. ती म्हणाली, "असू दे." आता मात्र डोळे पुसत म्हणाली, "हे कसं, लगेच कळलं!"

मी परवानगी दिली नाही. तोंडी "नाही" सांगितले आणि नंतर लेखी "नाही" पाठवले. गादीवाल्यांनी दुसऱ्या कोणाचे तरी गाणे घेतले. माझ्यामागे ते किंवा त्यांच्यासारखे कोणी परत आले, तर आईने काय उत्तर द्यायचे यावर मी कोणतीही अट घालत नाही. आई हो म्हणेल हे मला ठाऊक आहे. हे वाक्य मी आधी तीन वेगळ्या प्रकारे लिहिले होते. तिन्हीत अट होती. तिन्ही खोडली. हक्क तिला द्यायचा आणि जीभ आपल्याकडे ठेवायची, असे देणे हे देणे नव्हे.

कलम ६. नवीला काय द्यायचे. काही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "काही द्यायचं नसेल तर कलम लागत नाही." मला लागते.

नवीबद्दल एवढेच नोंदवते की तिच्या शब्दांत मी चूक शोधली आहे आणि मला सापडलेली नाही. तीनदा वाचूनसुद्धा.

कलम ७. आठवे गाणे. नवी आणि भिडू यांचे "किल्ली" हे गाणे सध्या दुकानांत, बसमध्ये, लोकांच्या फोनवर वाजते. गाणे असे:

किल्ली कुठे ठेवली, किल्ली कुठे ठेवली,
सगळं घर शोधलं, निघाली हातात.

त्यावर "शब्द" म्हणून नवीचे नाव आहे आणि "चाल" म्हणून भिडूचे. शब्द नवीचे आहेत, पूर्ण तिचे. त्यावर मी कसलाही हक्क सांगत नाही. मला ते सुचले नसते.

चालीचे मात्र तसे नाही. ती आमच्या खोलीत झाली, खोलीत पंखा बंद पडला होता त्या उन्हाळ्यात. तिचे खोटे शब्द होते "पंखा फिरत नाही, पंखा फिरत नाही". कडवे संपले, भिडूने बोटे उचलली, मी गुणगुणले, तो वाजवू लागला. खरे शब्द मी करायचे ठरले होते. मी पुष्कळ दिवस घेतले. रोज लिहिले, रोज फाडले, कारण चाल इतकी चांगली होती की तिच्यात चूक करायची मला भीती वाटत होती. भिडू थांबला. मग गादीचे प्रकरण झाले. मग त्याने थांबणे सोडले आणि चाल तिच्या हातात दिली. तिने ती बहुधा लिफ्टमध्येच संपवली.

त्या दिवसाचा कसलाही पुरावा नाही. गुणगुणताना मी फोनवर काही ध्वनिमुद्रित केलेले नाही. खोलीत तिसरे कोणी नव्हते, आणि खालचे सायकलवाले काका हातोडा मारत होते. करार आहे, पण ही चाल खोलीत झाली हे भिडूनेच म्हटले पाहिजे. तो तसे कोणाला म्हणालेला नाही. मी विचारलेले नाही. विचारायचे नाही असे ठरले होते, आणि मी ठरलेले मोडत नाही. त्याने मोडले, तेही न विचारता.

हे सगळे मी सोडून दिले असते. मी आजारी आहे, मला धावपळ झेपत नाही. पण आई "किल्ली" गुणगुणते. सकाळी काजे करताना, भांडी विसळताना, दार लावताना. शब्द तिला दोनच ओळींचे पाठ आहेत, त्यामुळे पुढचे नुसत्या आवाजात. आणि तिचा आवाज जिथे लागतो, जिथे ती मान जराशी हलवते, ती जागा म्हणजे कडव्यातून ध्रुवपदावर परत येण्याचे वळण. ते माझे आहे. दादा, इथे थांब. हे वाक्य परत वाच. आई, ते माझे आहे. तुला जे नवीचे म्हणून आवडते, त्यातले ते माझे आहे. आयुष्यभर मी तुला कळेल असे काहीतरी करायला बघत होते, आणि जे तुला कळले त्यावर दुसरीचे नाव आहे.

म्हणून अशी व्यवस्था करते. माझ्यामागे भिडूने आईसमोर बसून "किल्ली" वाजवावे आणि ते वळण कोणाचे, हे तोंडाने सांगावे. खरे सांगितले, तर सातही गाण्यांची परवानगी एकट्याने देण्याचा अधिकार त्याला मिळेल, आईला किंवा दादाला विचारावे लागणार नाही. त्याला हेच हवे होते. सांगितले नाही, तर प्रत्येक परवानगीसाठी त्याने आईच्या दारात यावे. "आठवत नाही" म्हणाला, तर ते सांगितले नाही असेच धरावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. त्यांची फी आईच्या वाट्यातून जाऊ नये म्हणून मी आधीच देऊन ठेवली आहे. त्यांनी घासाघीस केली, उलट्या दिशेने.

पुरवणी, सह्या होण्याआधी. इथपर्यंतचा मजकूर काल लिहून झाला. आज रविवार. साक्षीदारांना दुपारी बोलावले होते. साक्षीदारांच्या आधी भिडू आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. दादाने सांगितले असणार.

तो दारातच म्हणाला, "साक्षीदार पाहिजेत म्हणे. मी करतो सही."

मी म्हणाले, "तू चालणार नाहीस. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये."

"म्हणजे मला काहीतरी ठेवलंयस!"

"सिगारेट सोडायला सांगितलंय."

तो हसला, पण माझ्याकडे बघून त्याचे हसू लगेच आटोपले. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. तेव्हा माझ्या मनात आले की मी मेल्यावर याने आईसमोर बसून काहीही सांगितले तरी मी ऐकायला नसेन. खरे सांगितले तरी नसेन. एवढी मेहनत घेऊन लिहिलेल्या कलमात ही चूक तीनदा वाचूनसुद्धा माझ्या लक्षात आली नव्हती.

मी छोटा कीबोर्ड मेजावर ठेवला. म्हणाले, "किल्ली वाजव."

"आता?"

"आईला आवडतं."

आई शर्ट मांडीवर घेऊन म्हणाली, "वाजव रे. नुसता बसू नकोस."

त्याने वाजवले. ध्रुवपद झाले, कडवे झाले. कडव्याच्या शेवटी त्याची बोटे वर उचलली गेली आणि त्याने माझ्याकडे बघितले. मुद्दाम नव्हे. त्याच्या हातांना सवयच ती. मी गुणगुणले नाही. हे नोंदले जावे. मी तोंड मिटून बसले.

आई म्हणाली, "अरे, थांबलास का? पुढचंच तर छान आहे."

त्याने बोटे मांडीवर ठेवली. मग पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "पुढचं हिचं आहे, काकू."

"हिचं म्हणजे?"

"हे वळण हिनं केलंय. मी तिथं अडलो होतो."

"मग नाव नाही ते हिचं? सगळीकडे वाजतं की ते."

"हिनं विचारलं नाही."

मी म्हणाले, "विचारायचं नाही असं ठरलं होतं."

"आता विचारलंस ना?"

"वाजव म्हणाले फक्त."

"तेच ते." त्याने कीबोर्ड बंद केला. "मग? संपलं का आपलं?"

तो उत्तराची वाट बघत बसला. त्याच्याइतके थांबता मला येत नाही, म्हणून मी कागद पुढे केला. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले की "किल्ली"ची चाल खोलीत झाली आणि करारानुसार अर्धी माझी. खाली सही केली. तो कागद या मृत्युपत्राला जोडला आहे.

आईने ते वळण एकदा हळूच म्हणून पाहिले, स्वतःशीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चाल तुझी होय! छानच आहे गं." मी पुढच्याची वाट पाहिली, आणि पुढचे आलेच. "शब्द तिनं लिहिले ते बरं झालं. तू अजून फाडतच बसली असतीस."

भिडू हसला. मी हसले नाही. आईने म्हटले ते जसेच्या तसे इथे उतरवले आहे, एक शब्द बदललेला नाही.

यावरून कलम ७ मध्ये पुढील बदल करते. भिडूने आईसमोर बसून सांगण्याची अट रद्द, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत पुरी झाली. अट पुरी झाल्यामुळे सात गाण्यांची परवानगी माझ्यामागे त्याने एकट्याने द्यावी. मी जगले, तर मात्र मला विचारल्याशिवाय नाही, आणि गादीवाल्यांना माझे उत्तर तेच राहील.

"किल्ली"च्या चालीतला माझा अर्धा वाटा मी सोडत नाही. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की आता ते गाणे तिघांचे झाले. कोणाला वापरायचे असेल तर तिघांचा होकार लागेल, आणि मी गेल्यावर माझ्या जागी आईचा. म्हणजे दर परवानगीच्या वेळी नवीला आईकडे यावे लागेल. आई तिला बसवून घेईल, तिचे नवे गाणे ऐकेल, पहिल्या फटक्यात कळले म्हणून तिला सांगेल. मी त्या खोलीत नसेन. भिडूने गाण्यावरची नावे बदलून घ्यायचे कबूल केले आहे. शब्दांचे नाव आधी येते, म्हणून आधी नवीचे येईल आणि त्याच्या खाली माझे.

वकीलबाईंनी विचारले, "वाटा भिडूच्याच नावावर केलास तर हे येणं-जाणं वाचेल. करू का तसं?"

नवीचे ते येणे-बसणे मला आत्ताच दिसते आहे आणि सहन होत नाही. तरीही माझा वाटा आईलाच.

हे मृत्युपत्र मी आज, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी, आईच्या घरातल्या पुढच्या खोलीत, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करून पुरे केले. दोघांनीही माझ्या समोर आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या. दोघांपैकी कोणाला यातले काही मिळत नाही. सायकलवाले काका म्हणाले, "मला नकोच काही. फक्त वर आता शांतता नको व्हायला."

करून देणारी: (सही) गीतकार, भिडूच्या भाषेत हेडबाई

साक्षीदार १: (सही) सायकलवाले काका, खोलीच्या खालचे दुकान

साक्षीदार २: (सही) शेजारच्या ताई, व्यवसाय परिचारिका

ठिकाण: आईचे घर, पुढची खोली

दिनांक: रविवार, शस्त्रक्रियेचा आदला दिवस. तीनदा वाचले.